ब्लॉकवरचं पूज्य

प्रिय फटफट्या,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मागच्या बुधवारी माझं बोलणं अर्ध्यावर तोडून फोन ठेवलास आणि मग माझा नंबरच अडवून टाकलास. उत्तम केलंस. पत्र अर्ध्यावर तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तू फाडशील याची खात्री असल्यामुळे ते तुझ्या घरी न पाठवता, तुझी बायको काम करते त्या दातांच्या दवाखान्यात पाठवते आहे. तिने आधी वाचलं तरी माझी हरकत नाही. वाचावंच तिने, कारण यातला एक भाग तिच्या हातापायांशी संबंधित आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला फटफट्या म्हणणं शोभत नाही हे मला कळतं. पण ओठांनी फटफटीचा आवाज काढत घरभर फिरणारा मुलगा अजून तेच करतो आहे, फक्त ओठांऐवजी सायलेन्सरने, तेव्हा नाव बदलायचं काही कारण मला दिसत नाही. आशीर्वाद वगैरे शेवटी उरलेच तर लिहीन.

तुझे व्हिडिओ मी बघितले. सगळे बघितले, अकराच्या अकरा. बाबांचा ट्रॅक्टर मी पहिल्या नजरेत ओळखला नाही. ज्या बॉनेटवर ते रोज सकाळी फडकं मारायचे त्यावर तू आगीच्या ज्वाळांची चित्रं चिकटवली आहेस. धुराड्याच्या जागी चकचकीत नळकांडं उभं केलंस, एवढं उंच की गोदामाच्या दारातून आत जाताना ते आडवं करावं लागतं. तोही प्रसंग एका व्हिडिओत आहे आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. मग तू गॉगल लावून समोर येतोस आणि सांगतोस, की पस्तीस घोड्यांचा हा म्हातारा आता एकसष्ट घोड्यांचा झाला. मागच्या शाफ्टला ब्रेक लावून ताकद मोजणारं ते यंत्र तू कुणाकडून तरी मागून आणलंस, त्याचा काटा एकसष्टवर गेला आणि तुम्ही चार बापये एकमेकांच्या गळ्यात पडलात. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्या काट्यापर्यंत तू कसा पोचलास, तेही बघितलं. पार्सलने डबे मागवलेस. एका डब्यावर दहा टक्के जादा ताकद लिहिलेलं, दुसऱ्यावर पंधरा, तिसऱ्यावर पंचवीस. याच चालीने आणखी चार डबे मागवलेस तर डिझेल भरायचीसुद्धा गरज उरणार नाही. मोठ्या भोकाची नोझल्स टाकलीस, डिझेल पंपाचा बंद केलेला स्क्रू फिरवलास आणि कुठल्याशा भंगारातल्या ट्रकचा टर्बो आणून त्या बिचाऱ्याच्या कुशीला लटकवलास. तो टर्बो त्याच्या इंजिनाला बापाचा कोट घातलेल्या पोरासारखा दिसतो. वर तो काळा धूर. ताकदीचा धूर, म्हणतोस तू. अरे, तो न जळलेल्या डिझेलचा धूर आहे, आणि हे सातवीतल्या मुलालाही कळतं. सुटे भाग विकण्यात तुझं आयुष्य गेलं म्हणून इंजिन कळलं असं तू समजतोस. चष्मे विकणाऱ्याने डोळ्याचं ऑपरेशन करायला घ्यावं, त्यातला प्रकार.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. कारखान्यात मला कामं काय कमी आहेत? या आठवड्यात इंजिनांचे तीन ब्लॉक बोअर करायला, म्हणजे सिलिंडरची भोकं कातून मोठी करायला आलेत, मशीनचा पट्टा सारखा घसरतो, आणि माझा उजवा गुडघा आता जिना बघूनच कुरकुरायला लागतो. फोरमनकाका काम सोडून चार वर्षं झाली, तरी अजून सकाळी येऊन दाराशी खुर्ची टाकतात आणि माझी मापं चुकीची असल्याची शंका घेतात. तुझे व्हिडिओ त्यांनाही दाखवले. ते पहिल्यांदा खूप हसले. मग एका व्हिडिओत तुझा मिस्त्री इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढून उभा होता, तिथे त्यांनी मला थांबायला सांगितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्यानंतर ते हसले नाहीत. चहासुद्धा न घेता घरी गेले.

तुझं हेड गॅस्केट, ब्लॉक आणि हेडमधली ती पातळ पट्टी, दोनदा जळलं. तू ते मिरवलंस: ताकद इतकी वाढली की गॅस्केट टिकेना. म्हणून तिसऱ्या वेळी तांब्याचं जाड गॅस्केट घातलंस, हेडचे बोल्ट बदलून दुप्पट मजबूत टाकलेस आणि आता काही उडत नाही म्हणून खुशीत आहेस. घरातला फ्यूज दोनदा उडाला म्हणून त्या जागी खिळा ठोकणाऱ्या माणसाला तू काय म्हणशील? जे स्वस्तात जळून तुला सावध करत होतं ते तू घट्ट करून टाकलंस. आता जाईल ते पुढचं जाईल. येत्या रविवारी तू मैदानावर उतरणार, घसरगाडीवर वजन चढवत जाणार, आणि जो सर्वांत लांब ओढेल तो जिंकला म्हणून आख्खा थ्रॉटल उघडून उभा राहणार. घोडामैदान जवळ आहे. म्हणूनच आज, सोमवारी, कारखाना बंद ठेवून लिहायला बसले आहे.

घोडं पेंड खातं ते इथे. तुझ्या बायकोने मला एक फोटो पाठवला. हेड काढलेलं असताना ब्लॉकच्या वरच्या कडेला, कोपऱ्यात, पंचने ठोकलेला एक आकडा तिला दिसला आणि हा काय आहे असं तिने भाबडेपणाने मला विचारलं. तुम्हा पाच जणांत प्रश्न पडलेली ती एकटीच. तुला प्रश्न पडला नव्हता; तू त्याच संध्याकाळी व्हिडिओत सांगून मोकळा झालास. ब्लॉकवर शून्य आहे म्हणजे हे इंजिन कधीच बोअर झालेलं नाही, कोरं आहे, भिंती जाडजूड आहेत, कितीही दाब सहन करील. बाबांनी जन्मभर जपून ठेवलेलं कोरं इंजिन, असं म्हणताना तू गॉगलही काढलास. मी तो भाग चार वेळा बघितला. चारही वेळा मला संताप आला, आणि तो फक्त तुझा नव्हता.

दुसऱ्या कारखान्यात शून्य म्हणजे मूळ माप, हे खरं आहे. आपल्या कारखान्यात मूळ मापाच्या ब्लॉकवर काहीच ठोकत नाहीत. कोऱ्या पाटीवर कोरी असं कोण लिहितं? पहिल्यांदा बोअर केलं की वीस, दुसऱ्यांदा चाळीस, मग साठ, असे आकडे बाबा ठोकायचे. आणि ज्या ब्लॉकची भिंत इतकी पातळ झाली की आता यातून केसाएवढंही लोखंड काढायचं नाही, त्यावर ते एक गोल ठोकायचे आणि म्हणायचे, हा आता पूज्य झाला. तुला पाढे शिकवताना ते शून्याला पूज्य म्हणायचे, आठवतं का? त्यांचा विनोद तो. पूज्य म्हणजे ज्याला हात जोडायचे, हात लावायचा नाही. हलकं काम करू द्यायचं, ताण द्यायचा नाही, पुढच्या वेळी मालकाला नवा ब्लॉक घ्यायला सांगायचं. हे तिघांनाच माहीत होतं: बाबा, फोरमनकाका आणि मी. तू कारखान्यात यायचास ते फक्त सुट्टीत, आणि सुट्टीतही दारात उभ्या असलेल्या गाड्या सुरू करून बघायला.

म्हणजे ज्याला तू कोरं समजतोस ते संपलेलं इंजिन आहे. त्या ब्लॉकमध्ये वेगळं लायनर, म्हणजे झिजली की बदलता येणारी आतली नळी, बसवायची सोय नाही. पिस्टन थेट त्याच्याच भिंतीवर घासतो. आतल्या भिंतीच्या पलीकडे पाणी फिरतं. चारही बोअर मूळ मापापेक्षा पाच मिलिमीटरने मोठे आहेत आणि तिसऱ्याची एका बाजूची भिंत जेमतेम नखाएवढी जाड उरली आहे. ओतकामातच साच्यातला गाभा थोडा सरकलेला होता, ते आधी मोजून बघायला हवं होतं, बघितलं गेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. हेड पुन्हा काढ आणि पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पूस, त्याखाली माप कोरलेलं आहे. दोनदा हेड काढलंत आणि चार जणांपैकी एकालाही फडकं मारायची बुद्धी झाली नाही, याचं मला नवल वाटत नाही. आणि गॅस्केट ताकदीने जळत नव्हतं, रे शहाण्या. बाजारातल्या गॅस्केटचं भोक या बोअरपेक्षा लहान, त्याची कड आत लोंबते आणि भाजते. बाबा या ट्रॅक्टरचं गॅस्केट स्वतः कातरीने कापायचे. तुला वाटायचं ते चिक्कू आहेत.

ती भिंत अर्ध्या थ्रॉटलवर इतकी वर्षं टिकली, कारण बाबांनी तिला कधी त्यापुढे नेलं नाही. कारखान्यामागच्या जमिनीच्या तुकड्यात नांगर धरायचा तोसुद्धा संथपणे, आणि ब्लॉक लादून आणायचे तर ट्रॉली अर्धी भरून दोन खेपा करायच्या. लोक त्यांना हसायचे. तूही हसायचास. रविवारी वजन वाढत जाईल तसा दाब वाढेल आणि ती भिंत कधीतरी फुटेल. पाणी सिलिंडरमध्ये शिरेल, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टनला वर जायला जागा नसली की कनेक्टिंग रॉड वाकतो, तुटतो आणि ब्लॉकची कूस फोडून बाहेर येतो. तू मागे सीटवर बसलेला असशील, कदाचित वाचशील. तुझी बायको अकराही व्हिडिओंत बॉनेटच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, फोन धरून उभी असते. टर्बोच्या दाबाचा काटा नीट दिसावा म्हणून तूच तिला तिथे उभी करतोस.

आता तू म्हणशील, बाबांनी हे मला का सांगितलं नाही. तू अठरा वर्षांचा होतास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ट्रॅक्टर जरा धापा टाकतो, त्याचं इंजिन मी उघडून बघतो, असं तू म्हणालास. तुझ्या हातात पानेसुद्धा होते. कारखान्यात तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. बाबा कधी वरच्या पट्टीत बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. या इंजिनाला हात लावायची तुझी लायकी नाही, असं त्या तिघांसमोर म्हणाले. तू पाने बाकावर ठेवलेस, फेकले नाहीस, नीट मापाने लावून ठेवलेस, आणि त्याच आठवड्यात बॅग भरून गेलास. मी दहा पावलांवर मशीनवर होते. पाठमोरी होते. मी मशीन बंद केलं नाही आणि वळूनही बघितलं नाही. पुढे तू यायचास तो पाहुण्यासारखा. बाबा गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा कारखान्यातलं काही नको, फक्त तो ट्रॅक्टर दे, म्हणालास. मी दिला. एक शब्द न बोलता किल्ली तुझ्या हातात ठेवली. मला वाटलं, शेडमध्ये उभा करून ठेवशील. तुला ओळखत असूनही मी असं समजले, यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आजवर केलेला नाही. एक सोडून.

तो ब्लॉक मी बोअर केला. तुझ्या बायकोच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तू नेहमीसारखा एक वळण मागे असशील. मी बावीस वर्षांची होते, बाबा आणि फोरमनकाका दोन दिवस लग्नाला गेले होते, तू कॉलेजात होतास. मीही पार्सलने डबा मागवला होता. मोठ्या इंजिनाचे पिस्टन, पाच मिलिमीटरने जाडे, आणि माझ्याही डब्यावर टक्के लिहिलेले होते. पोरीच्या हातून बोअर करून घ्यायला तेव्हा गिऱ्हाइकं कचरायची, तर बाबा परत येतील तेव्हा त्यांच्याच ट्रॅक्टरचे दहा घोडे वाढवून दाखवायचे होते मला. तुझ्या एकसष्टातले थोडे माझे आहेत ते असे. भिंत मोजली नाही. बाबांनी परत आल्यावर तिसऱ्या बोअरमध्ये मापक घातलं, बराच वेळ तसंच धरलं, मग पंच घेतला आणि तो गोल ठोकला. मला रागावले नाहीत. बापाचाच ब्लॉक वाया घालवणाऱ्या मुलीकडे कुणी ब्लॉक आणणार नाही, म्हणून हे बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं म्हणाले. आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तू हातात पाने घेऊन उभा राहिलास. तुझी लायकी त्यांना पुरेपूर माहीत होती, रे. तू उघडलं असतंस तर दहा मिनिटांत सगळं ओळखलं असतंस आणि गिऱ्हाइकांसमोर भसाभसा बोलून टाकलं असतंस, याचीच त्यांना भीती वाटली. जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात ते तुला बोलावून सांगणार होते. मी सांगू दिलं नाही. कारखाना आता माझ्या नावावर चालतो म्हटलं, आणि त्यांनी तुला बोलावलं नाही. तुझा तिरस्कार करणं मला इतकी वर्षं फार सोयीचं गेलं, कारण तू मूर्ख ठरलास की तू का गेलास हे मला स्वतःला विचारावं लागत नव्हतं. मला लाज वाटते. रविवारी तो सुरू करू नकोस. एवढं वाचूनही करणारच असलास तर बायकोला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठव आणि मला कळव. तिसऱ्या सिलिंडरसमोर मी येऊन उभी राहते. ती जागा माझी आहे.

तुझीच,
ताई